पाठीवरचा लाल दिवा: डब्ल्यूडीएम-३ए मॉडेलच्या दिव्यांचे एक प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाबी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्यात राहणारे एक निवृत्त लोको पायलट. इथे त्यांना काका म्हणू. त्यांची बरीचशी नोकरी डिझेल लोकोवर झाली, त्यातही जास्त डब्ल्यूडीएम-३ए वर. हा लोको म्हणजे १९६२ मध्ये अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ ची वाढीव ताकदीची आवृत्ती. मूळची २६०० अश्वशक्ती तिच्यात ३१०० झाली. निवृत्तीनंतर काकांनी एचओ स्केलचे, म्हणजे १:८७ प्रमाणाचे मॉडेल हाती घेतले. सतरा मीटरांहून किंचित लांब असलेला खरा लोको या प्रमाणात वीस सेंटिमीटरांहून किंचित कमी भरतो.

तयार भारतीय मॉडेले सहज मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडे बरेच जण करतात तेच काकांनीही केले: परदेशी आल्को लोकोची सेकंडहँड सहा-ॲक्सल चॅसिस घेतली आणि तिच्यावर थ्रीडी प्रिंट केलेले कवच बसवले. रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे स्टँडर्ड गेजचे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या वर जातो, पण ती तडजोड काकांनी सुरुवातीलाच मान्य केली होती. दिव्यांच्या बाबतीत मात्र ते कुठलीही तडजोड मान्य करायला तयार नव्हते, आणि हे सगळे प्रकरण त्यातूनच उभे राहिले.

वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग त्यांच्या पुतणीने केले. तिचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे. गाडी चालवायची पद्धत डीसीसी, म्हणजे रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक लोकोतला डिकोडर फक्त आपल्या पत्त्यावर आलेले हुकूम पाळतो. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात त्याचे मानक ठरवले. काकांकडे कमांड स्टेशन, म्हणजे रुळात हुकूम सोडणारी यंत्रणा, म्हणून आर्डुइनो मेगावर चालणारे डीसीसी-ईएक्स होते आणि संगणकावर डिकोडर प्रोग्रॅम करण्यासाठी जेएमआरआय. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे खर्च हार्डवेअरपुरताच आला.

अडचण

पहिला डिकोडर चार आउटपुटांचा होता. पांढरी वायर पुढच्या हेडलाइटला, पिवळी मागच्या हेडलाइटला, हिरवी आणि जांभळी शिल्लक, निळी सगळ्यांची सामायिक धन. पुतणीने लाल मार्कर, म्हणजे टोकाचे छोटे दिवे, विरुद्ध टोकाच्या हेडलाइटला जोडून टाकले. पुढचा हेडलाइट लागला की मागचे लाल मार्कर आपोआप लागत. बाजारातली बरीच मॉडेले असेच वागतात आणि टेबलावर ठेवलेला एकटा लोको तसा छानही दिसतो.

काकांनी मागे सहा डबे जोडले, गाडी सोडली आणि लगेच थांबवली. लोको आणि पहिल्या डब्याच्या मधल्या फटीत लाल उजेड दिसत होता. "गाडीच्या मध्ये लाल दिवा कसा? म्हणजे गाडी इथेच संपली का?" हा त्यांचा प्रश्न.

ज्याने रेल्वेत काम केले नाही त्याला ही हौशी माणसाची बारीकसारीक कुरकुर वाटेल. तशी ती नव्हती. गाडीच्या शेवटच्या वाहनावर रात्री लाल टेल लॅम्प आणि दिवसा एलव्ही (लास्ट व्हेइकल) बोर्ड असतो, आणि स्टेशनवरचे कर्मचारी तो पाहूनच गाडी पूर्ण आल्याचे ठरवतात. तो दिसला नाही तर गाडी तुटून तिचा काही भाग मागे सेक्शनमध्ये राहिला असण्याची शक्यता धरावी लागते. ज्याने आयुष्यभर लाल दिव्याचा हाच एक अर्थ वाचला, त्याच्यासाठी डब्यांच्या पुढे लागलेला लाल दिवा म्हणजे धडधडीत खोटे विधान होते. या मुद्द्यावर मी पहिल्यापासून काकांच्या बाजूने होतो.

मग काकांनी वहीचे एक पान काढून खऱ्या लोकोवर कुठल्या वेळी कोणते दिवे लागतात ते लिहिले:

गाडी जोडलेली असेल तर पुढच्या टोकाला हेडलाइट आणि दोन पांढरे मार्कर. मागचे टोक अंधारात.
लाइट इंजिन, म्हणजे एकटा लोको असेल तर पुढे तेच, मागे दोन लाल मार्कर.
फक्त शंटिंगचे, म्हणजे यार्डात डबे हलवण्याचे, काम असेल तर दोन्ही टोकांना लाल मार्कर, आणि हेडलाइट लागतील तसे.
समोरून गाडी येत असेल तर हेडलाइट डिम.
अपघात झाला, गाडी तुटली किंवा शेजारचा मार्ग अडला असेल तर फ्लॅशर.

फ्लॅशर हा आपल्याकडचा महत्त्वाचा दिवा. पिवळसर, लुकलुकणारा. तो दिसला की शेजारच्या मार्गावरून येणाऱ्या गाडीच्या चालकाने थांबायचे असते, कारण पुढे त्याच्याच रुळावर घसरलेले डबे पडलेले असू शकतात. परदेशी डिकोडरांच्या मॅन्युअलमध्ये मार्स लाइट, डिच लाइट, स्ट्रोब सगळे सापडते. आपला फ्लॅशर त्याच इफेक्टमधून जुळवून घ्यावा लागतो.

पानावरचे दिवे मोजले तर आठ आउटपुट लागत होते: दोन हेडलाइट, दोन्ही टोकांचे पांढरे मार्कर, दोन्ही टोकांचे लाल मार्कर, फ्लॅशर आणि कॅबमधला दिवा. हातात होते चार.

पर्याय

पहिला पर्याय चार आउटपुटांतच भागवण्याचा. पांढरे मार्कर हेडलाइटबरोबर जोडायचे, लाल मार्कर हिरव्या आणि जांभळ्या वायरवर घ्यायचे आणि फ्लॅशर सोडून द्यायचा. यात शंटिंगचा हेडलाइट लावला की पांढरे आणि लाल मार्कर एकाच टोकाला एकदम पेटणार होते. काकांनी हा पर्याय ऐकताक्षणी बाद केला.

दुसरा पर्याय आहे तो डिकोडर ठेवून त्याच्या जोडीला दिव्यांपुरता एक छोटा फंक्शन डिकोडर त्याच पत्त्यावर बसवण्याचा. स्वस्त आणि शक्य. पण प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग लिहिण्या-वाचण्याच्या वेगळ्या रुळावर, दोघेही एकदमच ऐकतात, त्यामुळे एकाला लिहिलेले दुसऱ्यालाही लागते. डिकोडरच्या प्रत्येक सेटिंगला क्रमांक असतो, त्याला सीव्ही म्हणतात. या अडचणीसाठी सीव्ही १५ आणि १६ मध्ये कुलूप-किल्लीची सोय मानकात आहे, पण ती दोन्ही डिकोडरांत असावी लागते. इथे जुन्या डिकोडरात नव्हती.

तिसरा पर्याय आठ आउटपुटांचा नवा डिकोडर. त्यात पुन्हा दोन जाती: २१ पिनी आणि प्लक्स-२२. परदेशातून येणाऱ्या एका नातेवाइकाकडून २१ पिनी लगेच मिळणार होता, प्लक्स-२२ साठी थांबावे लागले असते. काकांनी २१ पिनी घेतला. निर्णय घाईचा असला तरी त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर तो चुकीचा नव्हता. त्याची किंमत पुढे कळली.

पहिला पेच: लॉजिक आउटपुट

नवा डिकोडर बसला, एलईडी जोडल्या आणि रुळावर ठेवताच दोन्ही टोकांचे लाल मार्कर पेटले. कुठलेही बटण दाबलेले नव्हते. बटण दाबले तर ते विझण्याऐवजी थोडे मंद होत. पुतणीने आधी मॅपिंगवर, म्हणजे कोणत्या बटणाने कोणता आउटपुट चालतो त्या नेमणुकीवर, संशय घेतला आणि एकामागून एक सीव्ही बदलून पाहिले. फरक पडला नाही.

कारण वायरिंगमध्ये होते. २१ पिनी डिकोडरांत सगळे आउटपुट सारख्या ताकदीचे नसतात. या आवृत्तीत दोन हेडलाइट आणि पहिले दोन जादा आउटपुट पूर्ण ताकदीचे होते, उरलेले चार फक्त लॉजिक पातळीचे. पूर्ण ताकदीचा आउटपुट ऋण बाजू जोडतो किंवा तोडतो. लॉजिक आउटपुट बंद असताना शून्य व्होल्टवर बसतो आणि चालू झाला की काही थोड्या व्होल्टवर चढतो. निळ्या वायरवर बारा-चौदा व्होल्ट. तिथून एलईडीमार्फत शून्यावर प्रवाह वाहणारच, आणि चालू केल्यावर फरक कमी झाल्यामुळे दिवा मंद होणार. लक्षण या कारणाशी अगदी तंतोतंत जुळत होते. असे जोडणे डिकोडरच्या प्रोसेसरलाही धोक्याचे आहे. रेझिस्टर ४.७ किलोओहमचे होते, म्हणून प्रवाह दोन-तीन मिलिॲम्पियरवरच राहिला आणि चिप वाचली.

उपाय साधा होता. प्रत्येक लॉजिक आउटपुटला एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि बेसला १० किलोओहमचा रेझिस्टर. बुधवार पेठेत बीसी५४७ कुठल्याही दुकानात मिळतो. पण वीस सेंटिमीटरच्या लोकोच्या अरुंद कवचात चार ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या वायरी बसवणे हे नाजूक काम होते. शेवटी त्यासाठी ट्रान्झिस्टर आधीच बसवलेला अडॅप्टर बोर्ड घेतला. जिथे दिवा विनाकारण कायम लागलेला दिसतो तिथे सीव्हीला हात लावण्याआधी मीटर लावून आउटपुटची जात तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा पेच: पुढचे टोक कोणते

डब्ल्यूडीएम-३ए ला कॅब एकच, एका टोकाच्या जवळ. कॅबपासून जवळच्या टोकापर्यंतचा छोटा भाग म्हणजे शॉर्ट हूड, दुसऱ्या बाजूचा लांब भाग म्हणजे लाँग हूड. शॉर्ट हूड पुढे ठेवूनही चालतो, लाँग हूड पुढे ठेवूनही. लाँग हूड पुढे असला की चालकाला समोरचे कमी दिसते. काकांनी शॉर्ट हूड म्हणजे पुढे असे ठरवले.

चॅसिस मात्र उलटी बसली होती. फॉरवर्ड दिल्यावर लोको लाँग हूडकडे जायचा आणि दिवा शॉर्ट हूडचा लागायचा. पुतणीने सीव्ही २९ मधला दिशेचा बिट बदलला, म्हणजे ३८ चे ३९ केले. आता लोको शॉर्ट हूडकडे जाऊ लागला आणि दिवा लाँग हूडचा लागला. हा गोंधळ अनेकांचा होतो. सीव्ही २९ चा तो बिट मोटर आणि दिशेवर चालणारे दिवे दोन्ही एकदम फिरवतो, त्यामुळे दोघांमधली विसंगती तशीच राहते. ती घालवायची तर मोटरच्या नारिंगी आणि करड्या वायरींची अदलाबदल करायची, किंवा दिव्यांच्या नेमणुका उलट करायच्या. इथे वायरी बदलल्या आणि सीव्ही २९ परत ३८ केला.

३८ हा आकडा लांब पत्त्यामुळे. आपल्या लोकोंचे क्रमांक पाच आकडी, डब्ल्यूडीएम-३ए चे १४, १६, १८ हजारांच्या मालिकेतले. डीसीसीतला लांब पत्ता १०२३९ च्या पुढे जात नाही. काकांनी शेवटचे चार आकडे घेतले.

तिसरा पेच: शंटिंगचे बटण

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. आउटपुटांची क्रमवारी अशी होती: १ शॉर्ट हूडचा हेडलाइट, २ लाँग हूडचा हेडलाइट, ३ आणि ४ त्याच क्रमाने पांढरे मार्कर, ५ आणि ६ लाल मार्कर, ७ फ्लॅशर, ८ कॅब.

मानक मॅपिंगमध्ये प्रत्येक आउटपुटला एक किंमत असते, १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाणारी, आणि हव्या त्या आउटपुटांची बेरीज त्या बटणाच्या सीव्हीत लिहायची. कंट्रोलरवरच्या बटणांची नावे एफ०, एफ१, एफ२ अशी. पुढच्या दिशेचा एफ० म्हणजे सीव्ही ३३: हेडलाइट १ आणि पांढरे मार्कर ४, मिळून ५. मागच्या दिशेचा सीव्ही ३४: २ अधिक ८, मिळून १०. फ्लॅशर एफ२ वर, सीव्ही ३६ मध्ये ६४. इथपर्यंत सगळे सरळ.

शंटिंगला एफ५ दिला. दोन्ही हेडलाइट आणि दोन्ही लाल मार्कर: १ अधिक २ अधिक १६ अधिक ३२, मिळून ५१. सीव्ही ३९ मध्ये ५१ लिहिले आणि एफ५ दाबला, तर लाँग हूडचे पांढरे मार्कर, शॉर्ट हूडचे लाल मार्कर आणि कॅबचा दिवा लागला. हेडलाइट एकही नाही.

बेरीज बरोबर होती. पण मानकात वरच्या बटणांची खिडकी सरकलेली असते. एफ५ साठी १ ही किंमत आउटपुट १ ची नसते, आउटपुट ४ ची असते. एका सीव्हीत आठच बिट मावतात आणि चौदा आउटपुटांपर्यंत पोहोचायचे होते, म्हणून ही सोय केली गेली. तिचा परिणाम असा की या बटणाला पहिले तीन आउटपुट मिळतच नाहीत. ५१ म्हणजे इथे ४, ५, ८ आणि ९. नववा आउटपुट नव्हताच, बाकीचे तिन्ही दिवे प्रामाणिकपणे लागले होते.

डिकोडर ऑस्ट्रियाच्या झिमो कंपनीच्या पद्धतीचा होता, त्यामुळे इथे दोन वाटा होत्या. सीव्ही ६१ मध्ये ९७ लिहिले की हे सरकणे बंद होते, आणि मग ५१ हा आकडा चालतो. एका ओळीचे काम. पुतणीला तेच हवे होते. पण एफ० चालू असताना एफ५ दाबला तर एफ० चे पांढरे मार्कर तसेच राहतात आणि लाल त्यांच्यावर येतात. आधी एफ० बंद करा, मग एफ५ दाबा, असे चालवणाऱ्याने लक्षात ठेवायचे.

दुसरी वाट स्विस मॅपिंगची. स्वित्झर्लंडमधल्या लोकोंवर दिव्यांच्या जोड्या इतक्या प्रकारच्या असतात की साध्या मॅपिंगमध्ये त्या बसत नाहीत, म्हणून ही सोय निघाली. सीव्ही ४३० पासून सहा-सहा सीव्हींचे गट. गटात पहिले बटण कोणते, मग कोणत्या मुख्य बटणाची नेहमीची नेमणूक त्या वेळी बंद करायची, मग पुढच्या दिशेचे दोन आउटपुट, मग मागच्या दिशेचे दोन. काकांच्या पानाला नेमके हेच हवे होते: एक गोष्ट लागली की दुसरी विझली पाहिजे.

पुतणीचे म्हणणे होते की अठरा सीव्ही लिहिण्यापेक्षा काकांनी एक बटण आधी बंद करावे. काका म्हणाले, "अगं, माझ्यानंतर हा लोको मुलं चालवतील, त्यांना कोण सांगणार?" माझे मत काकांच्या बाजूने पडले. चालवणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असलेला सिग्नल कधी ना कधी चुकीचा लागतोच.

शेवटी तीन गट भरले. दोन एफ५ चे, एकात दोन्ही हेडलाइट आणि दुसऱ्यात दोन्ही लाल मार्कर, मुख्य बटण एफ०. तिसरा एफ१ चा, लाइट इंजिनसाठी: पुढे जाताना लाँग हूडचे लाल, मागे जाताना शॉर्ट हूडचे. डिमरसाठी सीव्ही ११९ मध्ये एफ६ ला हेडलाइट नेमले आणि मंदपणा सीव्ही ६० मध्ये ठरवला. मार्कर वेगळ्या आउटपुटवर असल्यामुळे डिमर लावला तरी ते मंद होत नाहीत, खऱ्यासारखेच.

वाचनात येणारा अडथळा

मधल्या काळात सीव्ही वाचता येईनासे झाले. लिहिलेले लागत होते, पण जेएमआरआयमध्ये प्रत्येक वाचन फसत होते. घाणेरड्या सांध्यांवर लोको अडू नये म्हणून डिकोडरला जोडलेला कपॅसिटर हे त्याचे कारण. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर डिकोडर उत्तर म्हणून मोटरला क्षणभर वीज देतो. मानकाप्रमाणे किमान ६० मिलिॲम्पियर, सुमारे ६ मिलिसेकंद. कपॅसिटर त्याच वेळी चार्ज होत असेल तर तो ठोका त्यात बुडून जातो. कपॅसिटरच्या वायरीत एक छोटा प्लग घातला, प्रोग्रॅमिंगच्या वेळी तो काढायचा. मग सीव्ही ८ मध्ये ८ लिहून डिकोडर मूळ स्थितीला नेला, सगळे सीव्ही पुन्हा क्रमाने भरले आणि जेएमआरआयच्या रोस्टरमध्ये, म्हणजे लोकोंच्या यादीत, साठवले.

फ्लॅशर आपोआप की हाताने

खऱ्या लोकोत ब्रेक पाइपचा दाब अचानक गेला की फ्लॅशर आपोआप लागण्याची सोय असते, आणि चालक तो स्वतःही लावू शकतो. काकांना आपोआप हवा होता. डिकोडरला ब्रेक पाइप नाही. जवळची अट म्हणजे वेग शून्य झाला की फ्लॅशर लावणे, पण मग प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबली की फ्लॅशर लागणार. धोक्याचा इशारा दर थांब्यावर देणे हे काकांना पहिल्या लाल दिव्याइतकेच खोटे वाटले. एफ२ वर, हाताने, असा निर्णय झाला. चर्चा फार चालली नाही.

निष्पत्ती

लोको आता वहीतल्या पानाप्रमाणे वागतो. डबे जोडून गाडी सुटते तेव्हा पाठ अंधारात असते, आणि शेवटच्या डब्याला स्वतंत्र लाल दिवा आहे. डबे सोडून एकटा लोको निघाला की एफ१. यार्डात एफ५. हेडलाइटला शुभ्र पांढऱ्याऐवजी उबदार छटेची एलईडी लावल्यामुळे जुन्या हेडलाइटचा पिवळटपणा आला. कॅबमधला दिवा एफ३ वर आहे, तो काका क्वचितच लावतात.

बटणांची यादी एका कार्डावर छापून कंट्रोलरच्या मागे चिकटवली आहे. शेजारच्या मुलांना गाडी चालवायला दिली की काका आधी एफ१ आणि एफ५ मधला फरक समजावतात.

काय वेगळे करता आले असते

वहीतले पान डिकोडर घेण्याच्या आधी लिहायला हवे होते. आठ आउटपुट लागणार हे पहिल्याच दिवशी कळले असते, चार आउटपुटांचा डिकोडर बाद झाला असता आणि प्लक्स-२२ साठी थांबणे परवडले असते. त्यात पूर्ण ताकदीचे आउटपुट जास्त मिळतात. मात्र घेण्याआधी त्या विशिष्ट डिकोडरचा तक्ता वाचावाच लागतो.

मोटरची दिशा आणि दिव्यांची दिशा कवच बसवण्याआधी उघड्या चॅसिसवर तपासायला हवी होती. वायरी बदलण्यासाठी कवच काढावे लागले तेव्हा एका मार्करची वायर तुटली.

रोस्टरमध्ये साठवण्याचे काम शेवटी झाले, ते प्रत्येक टप्प्यानंतर व्हायला हवे होते. सीव्ही ३९ मध्ये कोणकोणत्या किमती लिहून पाहिल्या याची नोंद कुठेच नाही.

एक प्रश्न अजून मोकळा आहे. काकांना दुसरा डब्ल्यूडीएम-३ए करून दोघांना एमयूमध्ये, म्हणजे जोडीने चालवायचे आहे. तेव्हा मागच्या लोकोचा हेडलाइट बंद हवा आणि फ्लॅशर फक्त पुढच्याचा लागायला हवा. कन्सिस्टचा, म्हणजे जोडीचा, पत्ता सीव्ही १९ मध्ये जातो, आणि त्या पत्त्यावर कोणती बटणे ऐकायची ते सीव्ही २१ आणि २२ मध्ये ठरते. पण पुढचा लोको शेवटच्या स्टेशनवर मागचा होतो, आणि या दोन सीव्हींना ते आपोआप कळत नाही. पुतणी सध्या डीसीसी-ईएक्सच्या स्क्रिप्टमधून दिशा बदलताना हे दोन्ही सीव्ही मेन ट्रॅकवरच पुन्हा लिहिता येतील का, ते तपासते आहे.